काओश्युंगच्या चेन चू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानच्या स्थानिक राजकारणाबद्दल वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांतले सर्वांत जास्त चेन चू यांच्याबद्दलचे असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल असं लिहिलंय. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिलाय. चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येतं, म्हणजे चेन हे आडनाव.

१. चेन चू कोण, हे थोडक्यात सांगाल का?

तैवानच्या दक्षिणेकडच्या काओश्युंग या बंदराच्या शहराच्या माजी महापौर. डिसेंबर २००६ ते एप्रिल २०१८ अशी सलग अकरा वर्षांहून जास्त त्या या पदावर होत्या. त्यापूर्वी त्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) काळातल्या राजकीय कैदी, मानवाधिकार कार्यकर्त्या, दोन शहरांच्या समाजकल्याण विभागाच्या प्रमुख आणि देशाच्या श्रममंत्री होत्या. पक्ष डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी, म्हणजे डीपीपी. २०१२ साली तीनेक महिने त्या पक्षाच्या हंगामी अध्यक्षही होत्या.

त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण तुरुंगवासावर थांबतात. मला मात्र त्यांचं खरं मोल आणि खरे दोष दोन्ही महापालिकेच्या कारभारात दिसतात. म्हणून खालची मोठी उत्तरं तिथलीच आहेत.

२. त्या मूळच्या काओश्युंगच्याच का? घरात राजकारण होतं का?

नाही. त्यांचा जन्म १० जून १९५० चा, तैवानच्या ईशान्येला असलेल्या यिलान जिल्ह्यातल्या सानशिंग गावचा. सानशिंग आजही कांद्याच्या पातीसाठी तैवानभर प्रसिद्ध आहे. घर शेतकऱ्याचं, राजकारणाशी संबंध नाही. तैपेईला शिकायला गेल्यावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या कुओ यू-शिन यांच्या सचिव झाल्या. कुओ हे यिलानचेच, प्रांतिक सभेतले जुने विरोधी नेते. पत्रं लिहिणं, भेटायला येणाऱ्यांची गाऱ्हाणी टिपून घेणं, निरोप पोचवणं ही तिथली कामं. राजकारणाची बाराखडी त्यांनी या ऑफिसात गिरवली.

३. विरोधी पक्षच नव्हता, तर कुओ 'विरोधी नेते' कसे?

मे १९४९ पासून तैवानमध्ये मार्शल लॉ होता. कुओमिंतांग हा पक्ष सत्तेत, आणि नवा पक्ष काढायला बंदी. पण स्थानिक निवडणुका होत असत आणि त्यांत अपक्ष म्हणून उभं राहता येई. अशा अपक्षांना 'तांगवाय', म्हणजे पक्षाबाहेरचे, म्हणत. जिल्हा आणि प्रांत पातळीवर ही माणसं निवडून येत. लोकांचा राग आणि अपेक्षा बोलून दाखवायला तेवढीच फट उघडी होती.

१९७५ साली कुओ केंद्रीय विधिमंडळाची निवडणूक लढले आणि हरले. मतमोजणीत मोठा घोळ झाल्याचे आरोप झाले. १९७७ साली ते अमेरिकेला गेले. त्यांच्याभोवती जमलेली तरुण मंडळी, चेन चू धरून, मागे राहिली आणि पुढच्या चळवळीचा कणा झाली.

४. १९७९ चं काओश्युंग प्रकरण नेमकं काय होतं? चेन चू यांचा त्यात काय भाग होता?

ऑगस्ट १९७९ मध्ये तांगवाय मंडळींनी 'फॉर्मोसा' नावाचं मासिक काढलं. मासिक हे निमित्त. गावोगाव त्याची 'सेवा कार्यालयं' उघडली गेली आणि पक्षबंदी असताना पक्षाचा सांगाडा उभा राहू लागला. काओश्युंग कार्यालयाच्या उपप्रमुख चेन चू होत्या. (त्याआधी जून १९७८ मध्येही पोलीस त्यांच्या मागावर होते. चांगहुआ जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये त्यांना पकडलं गेलं, पण अमेरिकेतून दबाव आल्यावर काही दिवसांत सोडावं लागलं.)

१० डिसेंबर १९७९ ला, मानवाधिकार दिनी, काओश्युंगमध्ये सभा ठरली. परवानगी नाकारली गेली, ठरलेलं मैदान सुरक्षा दलांनी अडवलं, म्हणून लोक मशाली घेऊन चुंगशान आणि चुंगचंग या दोन मोठ्या रस्त्यांच्या चौकातल्या गोल चक्रापाशी जमले. दंगलविरोधी पथकांनी वेढा घातला, अश्रुधूर सोडला, झटापट झाली. तीन दिवसांनी पहाटे धरपकड सुरू झाली.

आठ प्रमुख आरोपींना देशद्रोहाच्या आरोपाखाली लष्करी न्यायालयासमोर उभं केलं गेलं. त्यांत दोनच स्त्रिया होत्या: चेन चू आणि पुढे देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अ‍ॅनेट लू.

५. शिक्षा किती झाली आणि प्रत्यक्ष किती भोगली?

शिक्षा १२ वर्षांची. प्रत्यक्षात सहा वर्षं आणि थोडे महिने. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या सुटल्या.

या खटल्याबद्दल दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. पहिली म्हणजे देशद्रोहाला मृत्युदंड होता, आणि आपण वाचणार नाही असं धरून चेन चू यांनी कोठडीत मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. २८ फेब्रुवारी १९८० ला, आरोपी लिन यी-श्युंग कोठडीत असताना, त्यांच्या आईची आणि जुळ्या मुलींची राहत्या घरात हत्या झाली. थोरली मुलगी जखमी होऊन वाचली. मारेकरी आजवर सापडले नाहीत. पाळतीवर असलेल्या घरात हे घडलं, म्हणून तैवानी लोकांच्या मनातून तो दिवस जात नाही.

मार्च १९८० चा खटला मात्र आंतरराष्ट्रीय दबावामुळे खुला चालला आणि आरोपींची भाषणं वर्तमानपत्रांत छापून आली. ज्यांना गप्प करायचं होतं त्यांचं म्हणणं घराघरांत वाचलं गेलं. बचावाच्या वकिलांपैकी चेन शुई-ब्यान पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि फ्रँक श्ये पंतप्रधान. चेन चू यांच्या पुढच्या वाटचालीत ही दोन्ही नावं येतात (प्रश्न ६ पाहा).

६. तुरुंगातून सुटून थेट महापौर? मधली वीस वर्षं काय केलं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये डीपीपीची स्थापना झाली, जुलै १९८७ मध्ये मार्शल लॉ उठला. चेन चू यांनी मानवाधिकार संघटनेचं काम केलं, १९९१ साली नॅशनल असेंब्लीवर निवडून आल्या. पण खरी शाळा त्यानंतरची. चेन शुई-ब्यान तैपेईचे महापौर झाले तेव्हा त्यांनी चेन चू यांच्याकडे समाजकल्याण विभाग दिला. ते १९९८ ची निवडणूक हरले, आणि काओश्युंगचे नवे महापौर फ्रँक श्ये यांनी त्यांना तेच खातं सांभाळायला दक्षिणेत बोलावलं. काओश्युंगशी त्यांचा प्रशासकीय संबंध इथे सुरू झाला.

समाजकल्याण विभाग म्हणजे वृद्धांची देखभाल, अपंगांचे भत्ते, मारहाण सोसलेल्या स्त्रियांसाठी निवारा, बेघर लोक. भाषणाला टाळ्या मिळतात तसं इथे काही मिळत नाही. फायली, अंदाजपत्रक, दारात उभा असलेला माणूस. आंदोलनातून आलेल्या कित्येकांना हे जमत नाही, जमवून घ्यावंसंही वाटत नाही. त्यांनी दोन शहरांत ते केलं.

२००० साली चेन शुई-ब्यान राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या श्रममंत्री झाल्या. त्यांच्या काळातल्या दोन गोष्टी आजही कामगारांच्या रोजच्या जगण्यात आहेत. नोकरीतल्या स्त्री-पुरुष समानतेचा कायदा मार्च २००२ मध्ये लागू झाला. आणि जुलै २००५ पासून नवी निवृत्तिवेतन पद्धत आली. मालकाने पगाराच्या किमान ६ टक्के रक्कम कामगाराच्या स्वतःच्या खात्यात भरायची, नोकरी बदलली तरी खातं त्याच्याबरोबर जाणार. आपल्याकडच्या पीएफ खात्याची सवय असलेल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्याआधी तैवानमध्ये एकाच मालकाकडे वर्षानुवर्षं टिकला नाहीत तर पेन्शनवर पाणी सोडावं लागे, आणि तिथल्या असंख्य छोट्या कारखान्यांतले कामगार तसेच कोरडे राहत.

७. मग श्रममंत्रिपद का सोडावं लागलं?

ऑगस्ट २००५ मध्ये काओश्युंग मेट्रोच्या बांधकामावरच्या थाई मजुरांनी कांगशान इथल्या वसतिगृहात दंगल केली. मोबाइल वापरायला बंदी, ओव्हरटाइमचे तास कमी लावणं, हातात पैशांऐवजी वसतिगृहाच्या दुकानातच चालणारी नाणी, गुरांसारखं कोंडून ठेवणं अशा तक्रारी होत्या. चौकशीत शोषण झाल्याचं पुढे आलं. परदेशी मजूर हे श्रमखात्याचं काम, म्हणून चेन चू यांनी राजीनामा दिला.

मानवाधिकारांसाठी तुरुंगात गेलेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत मजुरांना असं वागवलं गेलं, हा डाग आहे. राजीनामा दिला म्हणून तो पुसला जात नाही. त्याच प्रकरणात शहराच्या हंगामी महापौरांनीही पद सोडलं. ते चेन छी-माय, जे २०२० साली काओश्युंगचे महापौर म्हणून निवडून आले.

८. तिथला महापौर आपल्याकडच्या महापौरासारखाच का?

अजिबात नाही. हा गोंधळ मनात राहिला तर पुढचं काहीच नीट कळणार नाही. महाराष्ट्रात महापौर नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे. तैवानमध्ये महापौर थेट मतदारांतून चार वर्षांसाठी निवडला जातो आणि कार्यकारी प्रमुखही तोच. विभागप्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो, आणि सिटी कौन्सिलमध्ये उभं राहून सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. म्हणजे आपल्याकडचा थेट निवडलेला नगराध्यक्ष आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवल्यासारखं. त्यातून काओश्युंग ही केंद्राच्या थेट अखत्यारीतली विशेष महापालिका, त्यामुळे मध्ये जिल्हा किंवा प्रांत नाही.

म्हणूनच पूर आला, नळ फुटला, रस्ता खचला की लोक थेट महापौराचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे.

९. २००६ ची निवडणूक न्यायालयाने रद्द केली होती ना? मग त्या पदावर कशा राहिल्या?

९ डिसेंबर २००६ च्या मतदानात चेन चू यांना ३,७९,४१७ मतं मिळाली आणि कुओमिंतांगचे हुआंग चुन-यिंग यांना ३,७८,३०३. फरक १,११४ मतांचा. आदल्या रात्री उशिरा चेन चू यांच्या प्रचारयंत्रणेने पत्रकार परिषद घेऊन एक चित्रफीत दाखवली होती. हुआंग यांच्या सभेला आलेल्या लोकांना बसमध्ये पैसे वाटले जात असल्याचा दावा त्यात होता. हुआंग कोर्टात गेले. आरोपाला उत्तर द्यायला वेळच मिळू नये अशा बेताने तो केला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं.

जून २००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. पण तो निकाल अंतिम नव्हता. अपील चालू असताना त्या पदावर राहिल्या आणि नोव्हेंबर २००७ मध्ये उच्च न्यायालयाने खालचा निकाल फिरवला. म्हणजे त्यांचं पद एक दिवसही रिकामं झालं नाही.

कायद्याने त्या जिंकल्या. तरी मतदानाच्या तोंडावर, पडताळायला कुणाला सवड नसताना असा आरोप करणं मला आजही पटत नाही.

१०. 'तैवानच्या पहिल्या महिला महापौर' हे बरोबर आहे का?

असं सरसकट म्हणणं चूक. विशेष महापालिकेत थेट निवडून आलेल्या पहिल्या महिला महापौर, हे बरोबर. शू शी-शिएन १९६८ मध्येच च्याई शहराच्या महापौर झाल्या होत्या. काओश्युंग जिल्ह्याच्या (शहर वेगळं) प्रमुखपदी यू चेन युए-यिंग १९८५ साली निवडून आल्या. खुद्द काओश्युंग शहरातही चेन चू यांच्या आधी यह चू-लान महापौरपदावर होत्या, मात्र हंगामी, नेमणुकीने.

११. सलग दोनच मुदतींची मर्यादा असताना तीन वेळा कशा निवडून आल्या?

कारण मध्ये शहरच बदललं. २५ डिसेंबर २०१० ला काओश्युंग शहर आणि काओश्युंग जिल्हा एक झाले आणि नवी विशेष महापालिका अस्तित्वात आली. कायद्याच्या दृष्टीने ती नवी संस्था, म्हणून मुदतींची मोजणी पहिल्यापासून. २००६ ची मुदत जुन्या शहराची. २०१० आणि २०१४ च्या नव्या शहराच्या.

बदल फक्त कागदोपत्री नव्हता. साधारण दीडशे चौरस किलोमीटरचं शहर एकदम २,९०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. लोकसंख्या २७ लाखांवर. बंदर आणि पोलाद कारखाने एका टोकाला, डोंगरातल्या आदिवासी वस्त्या दुसऱ्या टोकाला. ऑगस्ट २००९ च्या मोराकोट वादळात दरड कोसळून गाडलं गेलेलं श्याओलिन गाव आधी जिल्ह्याच्या हद्दीत होतं. तिथे चारशेच्या वर माणसं गेली. विलीनीकरणानंतर त्या लोकांच्या पुनर्वसनाचं उरलेलं काम महापालिकेकडे आलं.

२०१० च्या निवडणुकीत त्यांना ५२.८ टक्के मतं मिळाली. जिल्ह्याचे मावळते प्रमुख यांग छिऊ-शिंग पक्षाच्या उमेदवारीत त्यांच्याकडून हरल्यावर डीपीपी सोडून अपक्ष उभे होते. २०१४ ला हेच यांग कुओमिंतांगचे उमेदवार होते.

१२. मेट्रो, स्टेडियम, स्वच्छ नदी... हे सगळं त्यांनीच केलं का?

सगळं नाही. त्यांचे समर्थक हे मान्य करायला नाखूश असतात, पण तारखा स्पष्ट आहेत. मेट्रोचं काम २००१ साली फ्रँक श्ये यांच्या काळात सुरू झालं. २००८ साली रेड आणि ऑरेंज मार्ग चेन चू यांच्या काळात उघडले. २००९ च्या वर्ल्ड गेम्सचं (ऑलिम्पिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) यजमानपदही २००४ साली, श्ये यांच्याच काळात मिळालं होतं. लव्ह रिव्हरची सफाई तर कित्येक महापौरांची मेहनत आहे.

चेन चू यांचं श्रेय हे की त्यांनी आधीच्यांचं अर्धवट काम अडगळीत टाकलं नाही, पुरं केलं आणि नीट चालवलं. वर्ल्ड गेम्सचं स्टेडियम तोयो इतो या जपानी वास्तुविशारदाचं. छतावर ८,८४४ सौर पॅनेल. त्या जुलैतल्या स्पर्धा सुरळीत पार पडल्या आणि 'धूर ओकणारं शहर' ही काओश्युंगची ओळख मागे पडू लागली. त्यांच्या स्वतःच्या काळात सुरू झालेल्या कामांत बंदराकडची ट्राम घ्यावी लागेल. २०१५ साली तिचा पहिला टप्पा चालू झाला. वर तारा नाहीत, गाडी प्रत्येक थांब्यावर चार्ज होते. पूर्ण वर्तुळ मात्र २०२४ च्या सुरुवातीला जोडलं गेलं.

१३. चीनबाबत त्यांची भूमिका काय होती? त्या बीजिंगला गेल्या होत्या हे खरं का?

खरं आहे. मे २००९ मध्ये वर्ल्ड गेम्सचं निमंत्रण द्यायला त्या बीजिंग आणि शांघायला गेल्या. तैवानच्या स्वातंत्र्याकडे कल असलेल्या डीपीपीच्या नेत्याने जावं का, यावर पक्षात कुरबुर झाली. तिथे बोलताना त्यांनी तैवानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, कुओमिंतांगचे मा यिंग-च्यू यांचा उल्लेख 'राष्ट्राध्यक्ष' असाच केला. बीजिंगमध्ये उभं राहून हा शब्द वापरणं साधं नव्हतं.

त्याच वर्षी मोराकोटमधल्या मृतांसाठी प्रार्थना करायला दलाई लामांना दक्षिणेतल्या ज्या स्थानिक नेत्यांनी बोलावलं त्यांत त्या होत्या, आणि काओश्युंगच्या चित्रपट महोत्सवात चीनमधल्या उइघुर समाजाच्या नेत्या राबिया कादीर यांच्यावरचा माहितीपट दाखवला गेला. चिनी पर्यटक गटांनी काओश्युंगची बुकिंगं रद्द केली. हॉटेलवाल्यांना झळ बसली, तरी माहितीपट दाखवला गेला.

१४. पुराच्या वेळी त्या झोपल्या होत्या, हे विरोधकांनी पसरवलेलं खोटं आहे ना?

नाही. १९ सप्टेंबर २०१० ला फानापी वादळात शहराच्या मोठ्या भागात पाणी भरलं आणि त्या दुपारी त्या काही वेळ निवासस्थानी विश्रांतीला गेल्या होत्या. हे उघड झाल्यावर त्यांनी माफी मागितली. दोन महिन्यांनी त्या निवडणूक जिंकल्या, पण 'दुपारची झोप' त्यांना कायमची चिकटली.

१५. २०१४ च्या स्फोटांना त्या जबाबदार होत्या का?

हे उत्तर मोठं आहे, कारण 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही.

३१ जुलै २०१४ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास शहराच्या छ्येनचेन भागात काइश्वान रस्त्यावर वायूचा वास येत असल्याच्या तक्रारी आल्या. अग्निशमन दल पोचलं. गटारांच्या झाकणांतून पांढरा धूर येत होता. वायू कोणता, नळ कुणाचा, हे जागेवरच्या कुणालाच कळेना, आणि जवान पाणी मारत राहिले. तीन तास असे गेले. मध्यरात्रीला काही मिनिटं असताना स्फोट झाले आणि काइश्वान, सानदुओ आणि यिशिन रस्ते किलोमीटरच्या किलोमीटर फाटत गेले. गाड्या घरांच्या छतांवर जाऊन पडल्या. ३२ जण गेले, तीनशेहून जास्त जखमी. मृतांत मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

वायू होता प्रोपिलीन, एका रसायन कंपनीच्या कारखान्याकडे जाणारा. चार इंची लोखंडी नळ वस्तीतल्या रस्त्याखालून जात होता. १९९० च्या सुमारास महापालिकेने त्याच जागी पावसाच्या पाण्याचं बंदिस्त काँक्रीट गटार बांधलं, आणि नळ त्या गटाराच्या पोटातून आरपार गेला. मातीत गाडलेल्या नळाला जे संरक्षण मिळतं ते गटारात लोंबकळणाऱ्या नळाला नाही. वीसेक वर्षांच्या ओलाव्याने तो गंजून पातळ झाला. त्या रात्री दाब घसरल्यावरही कंपनीने पुरवठा वेळीच कायमचा थांबवला नाही.

आता जबाबदारी. गटार चेन चू यांच्या कितीतरी आधीचं, कुओमिंतांगच्या काळातलं. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. तो झाला महापालिकेच्या जुन्या अभियंत्यांवर आणि दोन कंपन्यांच्या लोकांवर. पण स्फोट झाला तेव्हा त्या पदावर येऊन साडेसात वर्षं झाली होती. आपल्या रस्त्यांखालून कोणत्या कंपनीचे, कशाचे नळ जातात याचा नीट नकाशा शहराकडे हाताशी नव्हता. तीन तासांत आजूबाजूची वस्ती रिकामी केली गेली नाही. एका उपमहापौरांसह काही वरिष्ठांनी राजीनामे दिले; त्या राहिल्या. रस्ते काही महिन्यांत पुन्हा बांधले गेले, पीडितांच्या घरी त्या स्वतः जात राहिल्या, भूमिगत रसायनवाहिन्यांसाठी शहराने नवे नियम केले. हे सगळं खरं. तरीही नकाशा आधी हवा होता, आणि साडेसात वर्षांच्या महापौराला 'नळ माझ्या आधीचा' एवढ्यावर सुटता येत नाही, असं माझं मत आहे.

१६. इतकं होऊनही चारच महिन्यांत ६८ टक्के मतं कशी?

नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांना ९,९३,३०० मतं मिळाली, कुओमिंतांगचे यांग छिऊ-शिंग (प्रश्न ११) यांना साडेचार लाख. एक कारण देशभरचं: मा यिंग-च्यू यांच्या सरकारवर त्या वर्षी लोक चिडलेले होते आणि कुओमिंतांग जवळजवळ सगळीकडे आपटलं. दुसरं स्थानिक: दुर्घटनेनंतर त्या रोज लोकांसमोर होत्या. लोकांनी त्यांना निर्दोष ठरवलं असा अर्थ मी काढणार नाही. समोरचा पर्याय त्यांना पटला नाही, एवढं नक्की.

१७. कर्जाचं काय?

काओश्युंगच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं आणि विरोधकांनी ते सतत मांडलं. मेट्रोचा वाटा, विलीनीकरणात आलेलं जिल्ह्याचं कर्ज आणि बांधकामं, तिन्ही त्यात आहेत. बराच कर भरणारे कारखाने काओश्युंगमध्ये धूर सोडतात, पण मुख्यालय तैपेईत असल्याने कर तिकडे मोजला जातो, ही तिथली जुनी तक्रारही रास्त आहे.

१८. २०१८ मध्ये मुदत संपण्याआधीच का गेल्या? त्यामुळेच पक्ष हरला का?

एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष कार्यालयाच्या महासचिवपदी बोलावलं. उरलेले महिने हंगामी महापौरांनी काढले. नोव्हेंबरात कुओमिंतांगचे हान कुओ-यू जिंकले आणि डीपीपीची वीस वर्षांची सत्ता गेली. 'म्हातारं, गरीब झालेलं शहर' हा हान यांचा प्रचार चालला, कारण तरुण मुलं कामासाठी उत्तरेला जात होती हे खरंच होतं. तेव्हा पराभवाचा काही भाग चेन चू यांच्या कारभारावरचा कौल होता. हान यांना पुढे जून २०२० मध्ये मतदारांनीच मतदान करून पदावरून काढलं, ९,३९,०९० मतांनी, आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत प्रश्न ७ मधले चेन छी-माय आले.

१९. त्यांना 'फुलांची आई' का म्हणतात?

जपानी कार्टून मालिकेतल्या एका गोलमटोल, घरेलू आईचं तैवानमधलं नाव 'ह्वा मा'. चेहरेपट्टी जुळते म्हणून तरुणांनी ते त्यांना दिलं आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं, बाहुल्यांपासून पोस्टरपर्यंत. जुने सहकारी मात्र त्यांना 'चू ताई' अशा अर्थानेच हाक मारतात. त्यांनी लग्न केलेलं नाही.

२०. काओश्युंगला जाणार आहे. यातलं काही पाहता येईल का?

फॉर्मोसा बुलेव्हार्ड मेट्रो स्थानक पाहाच. रंगीत काचेच्या भव्य घुमटाखाली लोक फोटो काढतात. १९७९ च्या सभेचं गोल चक्र (प्रश्न ४) तिथेच होतं आणि स्थानकाचं नावही त्या मासिकावरून आहे. तैपेईत उतरणार असाल तर चिंगमेई इथलं स्मारक पाहा. ज्या लष्करी न्यायालयात आठ जणांचा खटला चालला ती खोली आणि कोठड्या तिथे जपल्या आहेत.

२१. ज्या संस्थेने काओश्युंगच्या कारभाराची चौकशी करायची, तिच्याच प्रमुख त्या कशा झाल्या?

तैवानच्या घटनेत पाच सत्तास्थानं आहेत. त्यांपैकी कंट्रोल युआन अधिकाऱ्यांची चौकशी करतं, महाभियोग चालवतं, सरकारी विभागांना ताकीद देतं. १ ऑगस्ट २०२० पासून चेन चू तिच्या अध्यक्ष आणि त्याच दिवशी सुरू झालेल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नेमणुकीला कुओमिंतांगने कडाडून विरोध केला. खासदारांनी विधिमंडळाचं सभागृह अडवून धरलं, मतदानाच्या दिवशी धक्काबुक्की झाली. त्यांच्या काळात काओश्युंग महापालिकेवर कंट्रोल युआनने अनेकदा ताशेरे ओढलेत, तीच व्यक्ती प्रमुख कशी, हा मुख्य आक्षेप.

आक्षेपात तथ्य आहे. निवृत्त न्यायाधीश किंवा पक्षाबाहेरची एखादी व्यक्ती त्या खुर्चीत बसली असती तर चौकशांवर विश्वास ठेवणं सोपं गेलं असतं. डीपीपीची स्वतःची भूमिका तर ही संस्थाच नको अशी आहे. मानवाधिकार आयोगाचं अध्यक्षपद मात्र वेगळं. कैद्यांच्या वागणुकीची, जुन्या राजकीय खटल्यांची, परदेशी मजुरांची पाहणी हे आयोगाचं काम. कोठडीत मृत्युपत्र लिहिलेल्या आणि थाई मजुरांच्या प्रकरणात मंत्रिपद गमावलेल्या व्यक्तीला ती तिन्ही कामं आतून ठाऊक होती. दोन्ही पदं कायद्याने एकाच व्यक्तीकडे बांधलेली आहेत, त्यामुळे एक पटलं आणि दुसरं नाही असं म्हणायची सोय खासदारांना नव्हती.